एक अँपिअरचा डायोड पेटीत बसवताना : माझा अनुभव

१एन४००७ म्हणजे १ अँपिअर आणि १,००० व्होल्टचा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), एवढे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते आणि बहुतेक कामांत तेवढ्यावर भागतेही. शेतपंप मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाचा १२ व्होल्टचा वीजपुरवठा मी तयार करायला घेतला, तेव्हा मात्र त्यातल्या ‘१ अँपिअर’ या आकड्याचा अर्थ मुळापासून समजून घेणे भाग पडले. हा नियंत्रक जळगावकडच्या शेतांत, बांधावरच्या लोखंडी स्टार्टरपेटीत बसणार होता. मे महिन्यात तिथे सावलीतले तापमानच ४५ अंशांच्या आसपास जाते आणि उन्हात तापलेल्या बंद पेटीतली हवा ६५ अंश सेल्सिअस धरूनच हिशेब करणे मला योग्य वाटले.

डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, १ अँपिअरच्या आकड्याला अटी जोडलेल्या असतात: सरासरी प्रवाह, अर्धतरंग, ६० हर्ट्झ, रोधी किंवा प्रेरकी भार, लीडची (डायोडच्या टोकाच्या तारेची) लांबी ९.५ मिलिमीटर आणि भोवतालचे तापमान ७५ अंश. कपॅसिटरचा भार असेल तर प्रवाह २० टक्क्यांनी कमी धरावा, अशी सूचनाही असते. मी या अटी एकमेकींशी ताडून पाहिल्या. १ अँपिअरला फॉरवर्ड व्होल्टेज (प्रवाह वाहताना डायोडवर पडणारे व्होल्टेज) जास्तीत जास्त १.१ व्होल्ट, म्हणजे ढोबळमानाने १.१ वॅट उष्णता. जंक्शनपासून (आतल्या चिपमधल्या सांध्यापासून) हवेपर्यंतचा उष्णतारोध दर वॅटला ५० अंश, म्हणजे ५५ अंशांची वाढ. ७५ आणि ५५ मिळून १३० होतात आणि मी निवडलेल्या उत्पादकाने जंक्शनची कमाल मर्यादा १५० अंश दिलेली आहे. विद्युत आणि उष्णता यांचे स्वतंत्र दिसणारे आकडे असे एकमेकांना धरून आहेत, हे कळल्यावर डेटाशीट वाचण्याची माझी पद्धतच बदलली.

आमच्या ब्रिजमध्ये, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीत, एकूण भार ०.८ अँपिअरचा, म्हणजे प्रत्येक डायोडच्या वाट्याला सरासरी ०.४ अँपिअर. मात्र पुढे मोठा कपॅसिटर असल्यामुळे हा प्रवाह प्रत्येक अर्धचक्राच्या माथ्यावर थोडा वेळच, सुमारे ३ अँपिअरच्या ठोक्यांनी वाहतो. त्या क्षणी डायोडवरचे व्होल्टेज ०.७ नसून १ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे उष्णतेचा हिशेब ०.७ धरून करणे धोक्याचे. प्रत्येक डायोडमागे ०.४ वॅट आणि ५० अंशांच्या रोधाने २० अंशांची वाढ, एवढे कागदावर आले.

हा ५० चा आकडा आमच्या बोर्डाला लागू पडतो का, हा खरा प्रश्न होता, आणि सर्वाधिक वेळ त्याच प्रश्नाने घेतला. डीओ-४१ आकाराच्या या डायोडचे इपॉक्सीचे अंग उष्णता फारशी बाहेर टाकत नाही. चिपची उष्णता मुख्यतः दोन्ही लीडमधून बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडकडे जाते, त्यामुळे लीड किती लांब ठेवली आणि तिच्या टोकाला किती तांबे दिले, यावर जंक्शनचे तापमान ठरते. बाहेरून थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी) चिकटवून जंक्शनचे तापमान कळत नाही, म्हणून मी डायोडच्याच फॉरवर्ड व्होल्टेजचा तापमापक म्हणून उपयोग करण्याची जुनी, भरवशाची पद्धत वापरली. एका स्टीलच्या भांड्यात गोडेतेल घेऊन त्यात डायोड बुडवला, त्यातून केवळ १० मिलिअँपिअर प्रवाह सोडला आणि तेल सावकाश तापवत प्रत्येक टप्प्याला व्होल्टेज टिपले. एवढ्या प्रवाहाने डायोड स्वतः जेमतेम तापतो. अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टची घट मिळाली आणि तिची रेषा जवळजवळ सरळ आली.

त्यानंतर तोच डायोड बोर्डावर बसवून त्यातून १ अँपिअर डीसी तापमान स्थिरावेपर्यंत वाहू दिला आणि मॉस्फेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) साह्याने तो अचानक तोडून १० मिलिअँपिअरवर आणला, म्हणजे त्या क्षणीच्या व्होल्टेजवरून जंक्शनचे तापमान कळते. ऑसिलोस्कोपवर पहिले काही दहा मायक्रोसेकंद सोडून द्यावे लागतात, कारण जंक्शनमध्ये साठलेला चार्ज निघून जाईपर्यंतचे वाचन तापमान सांगत नाही; आणि फार थांबूनही चालत नाही, कारण इवलीशी चिप लगेच निवू लागते. रुंद पॅडवर, ९.५ मिलिमीटर लीडने बसवलेल्या डायोडचा रोध ५० च्या अगदी जवळ आला. तोच डायोड लहान पॅडवर लांब लीड ठेवून उंच बसवला, तेव्हा तो ८० च्या पुढे गेला. डायोड हवेत उंच ठेवला की थंड राहतो, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. बोर्डाचा पृष्ठभाग काळा पडण्यापासून वाचतो हे खरे, पण जंक्शनला त्याची किंमत मोजावी लागते.

वीज येताच क्षणभर लाटेसारख्या उसळणाऱ्या प्रवाहाचा हिशेबही आपल्या देशासाठी वेगळा करावा लागतो. डेटाशीटमधला ३० अँपिअरचा आकडा ६० हर्ट्झच्या एका अर्धचक्राचा, म्हणजे ८.३ मिलिसेकंदांचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपले अर्धचक्र १० मिलिसेकंदांचे. प्रवाहाच्या वर्गाला वेळेने गुणून तुलना केली की आपल्याकडे ही मर्यादा सुमारे २७ अँपिअरवर येते. २२०० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर वीज येताच ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या रोधातून जो प्रवाह ओढतो, तो १५-१६ अँपिअरच्या आत राहतो, हे मी तपासून घेतले. जिथे वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, तिथे हे अंतर मला आवश्यक वाटते.

शॉट्की डायोड (कमी फॉरवर्ड व्होल्टेजचा, धातू-सिलिकॉन जोडाचा प्रकार) वापरून उष्णता निम्मी करावी, असेही सुचवण्यात आले होते. १एन५८१९ चे फॉरवर्ड व्होल्टेज १ अँपिअरला ०.६ व्होल्ट आहे, हा फायदा खराच. पण १०० अंशांना त्याच्या रिव्हर्स (उलट दिशेच्या) गळतीची मर्यादा १० मिलिअँपिअर आहे, तर १एन४००७ ची केवळ ५० मायक्रोअँपिअर. शिवाय रिव्हर्स व्होल्टेज झेलण्याची त्याची क्षमता फक्त ४० व्होल्ट. रात्री भार उतरल्यावर ग्रामीण लाइनवर व्होल्टेज चढते, ते लक्षात घेता तापलेल्या पेटीत साधा सिलिकॉन जंक्शन डायोडच बरा, या मतावर मी ठाम राहिलो. ५० व्होल्टचा १एन४००१ ही पुरला असता. पण पुण्याच्या तपकीर गल्लीत ४००७ सहज मिळतो आणि किमतीत फरक नगण्य असतो.

शेवटी चारही डायोड एकमेकांपासून दूर नेले, रेग्युलेटरपासून वेगळे केले, प्रत्येकाला रुंद पॅड दिला आणि ६५ अंशांवर ठेवलेल्या बंद कपाटात पूर्ण भारावर मोजणी केली. जंक्शन ९० अंशांच्या थोडे पुढे स्थिरावले. लीड वाकवण्याचा साचा आता ९.५ मिलिमीटरवर पक्का केला असून ते माप जोडणीच्या आराखड्यात सुट्या भागांच्या यादीइतक्याच ठळकपणे लिहिले आहे. पुढच्या आवृत्तीत पृष्ठभागावर बसणारा एम७ घ्यायचा आहे. त्याला लांब लीड नसल्यामुळे सगळा भार पॅडच्या तांब्यावरच येतो, म्हणून हीच मोजणी त्याच्यासाठी नव्याने सुरू केली आहे.