आजी दारातच उभ्या राहिल्या

मे महिन्यात नागपुरात लेकराच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं म्हणजे आपलाच जीव कासावीस होतो. पण क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतःच पाय आत वळलेल्या बाळाला ‘उन्हाळा सरू द्या’ सांगता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पाय लवचीक असतो, तेव्हाच काम सोपं.

हे बाळ काटोलकडचं. दोन्ही पाय आत वळलेले, तळवे समोरासमोर. दर आठवड्याला पाय हातानं थोडा वळवायचा आणि नवं प्लास्टर घालायचं. जोर अजिबात लावायचा नाही. अंगठा घोट्याच्या पुढे, बाहेरच्या अंगाला टॅलस या घोट्यातल्या हाडाच्या डोक्यावर टेकवायचा आणि पाय बाहेर फिरवायचा. अंगठ्याची जागा चुकली की टाच अडकते, मेहनत पाण्यात. अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटींनी ही पद्धत बसवली, 1963 साली निकालही छापले. तरी पुढची तीसेक वर्षं बहुतेक सर्जन मोठी ऑपरेशनंच करत राहिले. त्यातले कितीतरी पाय मोठेपणी ताठ आणि दुखरे झाले. आम्हा हाडवाल्यांचा हट्ट, दुसरं काय!

पाय छान बाहेर आले, टाचा मात्र वर ओढलेल्याच. बहुतेक बाळांचं असंच असतं. मग टाचेमागचा अकिलीस टेंडन कापावा लागतो. त्या दिवशी हे ऐकलं आणि आजी बाळाला घेऊन दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“शीर कापाल तं पोट्टं चालन कसं जी?”

“शीर नाही आजी, दोरीसारखा टेंडन असतो. प्लास्टरमध्ये तीन आठवड्यांत आपला आपण जुळतो, लांब होऊन.”

“हे सारं हिच्यामुळं. गिरानात वांगं चिरत बसली होती.”

सून इतके आठवडे एक शब्द का बोलली नव्हती, ते तेव्हा कळलं. मला राग आला, पण आजींशी भांडून बाळ हातचं गेलं असतं. म्हटलं, “ग्रहण तर अख्ख्या नागपूर जिल्ह्याला लागलं ना? मग बाकीच्यांचे पाय सरळ कसे? हजारात एखाद्या बाळाला होतं हे, मुलग्यांत मुलींच्या दुप्पट. नक्की कशानं होतं ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. पण वांग्यानं होत नाही.”

आजींना पटलं नाही. पण बाळ दिलं.

जागेपुरती भूल दिली, बारीक ब्लेड आत घातलं. टेंडन सुटतो तो कानाला नाही, बोटाला कळतो: ‘टक्’, आणि इतका वेळ अडलेला पाय झटकन वर येतो. टाकाही लागत नाही. दुसऱ्या पायाचंही तसंच केलं, प्लास्टर चढवलं.

खरी लढाई त्यानंतरची. पट्टीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रोज झोपताना. पाय सरळ दिसतो, लेकरू रडतं, घरच्यांना दया येते आणि बूट जातात कपाटावर. पाय पुन्हा वळतो तो बहुतेकदा इथेच.

म्हणून या घराची मला धास्तीच होती. पुढच्या खेपेला आजी सगळ्यांच्या आधी आत शिरल्या आणि बाळाच्या बापाकडे बोट दाखवलं, “यानंच काढले परवा बूट, पोट्टं रडते म्हून. याले बोला तुमी!”

बोललो. सुनेनं पदर तोंडाला लावून हसून घेतलं.