समाजाचे भूषण असण्याचे ओझे

रविवार, रात्र

गेले काही दिवस लेना हॉर्न या अमेरिकी गायिका-अभिनेत्रीविषयी वाचते आहे आणि त्या वाचनातून एक प्रश्न मनात ठाण मांडून बसला आहे. प्रसिद्धी मिळालेल्या कृष्णवर्णीय कलावंताने किंवा खेळाडूने आपल्या समाजाची चांगली प्रतिमा जगापुढे ठेवावी, सौंदर्याचा आदर्श घालून द्यावा, ही अपेक्षा कितपत रास्त आहे? मी त्या समाजातली नाही, त्यामुळे निवाडा करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही; परंतु स्वतःच्या रोजनिशीत विचार करायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून लिहिते.

लेनाच्या आधी हॅटी मॅकडॅनियलविषयी लिहायला हवे. १९४० च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात ऑस्करचा समारंभ झाला आणि ‘गॉन विथ द विंड’मधील दाईच्या भूमिकेसाठी हॅटीला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या हॉटेलात तिच्या वर्णाच्या माणसांना एरवी प्रवेश नव्हता. निर्मात्याने शब्द टाकला म्हणून तिला आत घेतले गेले, आणि तेही चित्रपटातील सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या एका लहान टेबलावर बसवले गेले. तिथून उठून व्यासपीठावर आलेल्या हॅटीने आपल्या छोट्याशा भाषणात, मी माझ्या वंशाला आणि चित्रपट-व्यवसायाला सदैव भूषण ठरेन अशी मला मनापासून आशा आहे, असे सांगितले. गुलामीत जन्मलेल्या बापाची ही मुलगी. ज्या दालनात आपल्याला बाजूला बसवले, तिथेच सगळ्या वंशाच्या वतीने बोलण्याची जबाबदारी तिने घेतली, किंवा तिला घ्यावी लागली.

एवढे करूनही तिच्या स्वतःच्या समाजातील अनेक जण तिच्यावर नाराज होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांचे म्हणणे असे, की पडद्यावर आमची माणसे मोलकरणी, दाया आणि हसणारे नोकर म्हणूनच दिसत राहिली, तर गोऱ्या अमेरिकेला आमची दुसरी ओळख होणार कशी? म्हणणे मुळीच खोटे नव्हते. हॅटीचे उत्तर म्हणून जे सांगितले जाते तेही तितकेच रोखठोक आहे: मोलकरणीची भूमिका करून मला आठवड्याला ७०० डॉलर मिळतात, ती नाकारली तर खरी मोलकरीण होऊन सात मिळतील. हॉलिवूडमध्ये येण्यापूर्वी तिने लोकांच्या घरची कामे खरोखरच केली होती, त्यामुळे हा हिशेब तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

माझे लक्ष खिळून राहिले ते यापुढच्या घडामोडीवर. मोलकरणींऐवजी पडद्यावर कोण दिसावे, याचे उत्तर व्हाइट यांना लेना हॉर्नमध्ये सापडले. १९४२ मध्ये एमजीएम स्टुडिओशी तिचा करार झाला आणि तिला मोलकरणीच्या भूमिका दिल्या जाणार नाहीत, अशी अट त्यात घालून घेतली गेली. लेना सुशिक्षित घरातली, डौलदार, आणि रंगाने बरीच उजळ होती. व्हाइट स्वतः तर निळ्या डोळ्यांचे आणि फिक्या केसांचे होते. झुंडबळींची चौकशी करायला अमेरिकेच्या दक्षिणेत जाताना गोरा माणूस म्हणून सहज खपून जात असत, आणि त्या रूपाचा त्यांनी जिवावर उदार होऊन उपयोग केला, हे विसरून चालणार नाही. तरीही मला हे नजरेआड करता येत नाही, की समाजाची ‘चांगली’ प्रतिमा शोधायला निघालेल्या भल्या माणसांची नजर गोऱ्यांच्या कसोटीला सर्वांत जवळ असलेल्या चेहऱ्यावर जाऊन थांबली. जाडजूड, काळीभोर, मोठ्या आवाजाची हॅटी लाजिरवाणी ठरली आणि सडपातळ, उजळ लेना अभिमानाची. प्रतिमेची मागणी आणि सौंदर्याची मागणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे आपण धरून चालतो, पण इथे एकीच्या पाठीवर बसून दुसरी आत आली.

लेनाला तरी त्यातून काय मिळाले? बहुतेक चित्रपटांत तिला कथानकाशी संबंध नसलेले एखादे गाणे देत, म्हणजे वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या चित्रपटगृहांत तेवढा भाग कापून टाकता यावा. हॉलिवूडमधील कृष्णवर्णीय नटमंडळी तिच्यावर चिडली, कारण या नव्या आदर्शामुळे नोकर-चाकरांच्या भूमिकाही जातील, ही त्यांची धास्ती. त्या काळात तिला घरी बोलावून धीर देणारी आणि तुला जे करणे भाग आहे ते तू कर असे सांगणारी बाई होती हॅटी मॅकडॅनियल. लेनाने ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर लेना म्हणाली, की आता मला कोणाचे भूषण व्हायचे नाही, कोणाचे प्रतीक व्हायचे नाही, आणि हॉलिवूडला हवी होती तशी गोऱ्या बाईची नक्कलही व्हायचे नाही. हॅटीने आशा म्हणून उच्चारलेली गोष्ट लेनाने आयुष्यभर वाहिली आणि म्हातारपणी खाली ठेवली.

हे सगळे जुने झाले असे म्हणावे, तर २०१२ चे लंडन ऑलिंपिक आठवते. गॅबी डग्लस या १६ वर्षांच्या मुलीने जिम्नॅस्टिक्समधील वैयक्तिक सर्वांगीण सुवर्णपदक जिंकले; ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी. आणि त्याच दिवसांत समाजमाध्यमांवर चर्चा कशाची, तर तिच्या केसांची. जेल लावून मागे ओढलेले, क्लिपांनी दाबलेले केस, घामाने कपाळाजवळ उठलेल्या बटा. जगासमोर जाताना नीट केस तरी करायचे, असे म्हणणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रियाच पुष्कळ होत्या. मला त्यांचा राग येतो, पण त्यांचे भयही कळते. ज्यांच्या केसांवरून शाळेत आणि कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले, इतके की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला, त्यांना त्या मुलीच्या विस्कटलेल्या बटांत स्वतःचा अपमान दिसला असणार. तरीसुद्धा बारवरून उलटी झेप घेणाऱ्या मुलीने समाजाची अब्रू केसांवर सांभाळावी, ही अपेक्षा क्रूरच आहे. तिने कोणाकडून काही उधार घेतले नव्हते.

उलट बाजूही लिहून ठेवते, नाहीतर मी स्वतःशीच लबाडी केल्यासारखे होईल. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांपुढे गोरी आणि सावळी बाहुली ठेवून चांगली कोणती असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी गोरीकडे बोट दाखवले. शाळांमधील वर्णभेद संपवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात त्या संशोधनाचा आधार घेतला गेला. हॉलिवूडमधील कृष्णवर्णीय अभिनेत्री लुपिता न्योंगोने २०१४ मध्ये एका समारंभात तिला आलेले एका मुलीचे पत्र वाचून दाखवले होते. मी रंग उजळवणारे मलम विकत घेणारच होते, तेवढ्यात तुम्ही जगाच्या नकाशावर आलात आणि मला वाचवलेत, असे ती मुलगी लिहिते. स्वतः लुपिताही लहानपणी उजळ होण्यासाठी देवाची करुणा भाकत असे, आणि अॅलेक वेक ही काळीकुळकुळीत सुदानी मॉडेल लोक वाखाणू लागले तेव्हा तिच्या मनातली गाठ सैल झाली. म्हणजे चेहरा दिसण्याने फरक पडतो, यात शंका नाही. परंतु अॅलेक वेक कोणाचे ऋण फेडायला फॅशनच्या रॅम्पवर उतरली नव्हती. ती आपले काम करत होती. त्या मुलीला हवी होती ती आपल्यासारखी दिसणारी, काम करणारी, लोकांनी पाहिलेली बाई. आदर्श वागणूक, आदर्श बोलणे, आदर्श केस ही यादी मोठ्यांनी मागाहून जोडली.

आणि असा चेहरा दिसू देणे वा न देणे हे त्या चेहऱ्याच्या हाती फारसे नसतेच. ते स्टुडिओच्या, मासिकाच्या, जाहिरातदाराच्या हाती असते. २०१७ मध्ये एका मासिकाने मुखपृष्ठावरील छायाचित्रात फेरफार करून लुपिताच्या केसांचा काही भाग पुसून टाकला. तिने जाहीर हरकत घेतल्यावर छायाचित्रकाराला माफी मागावी लागली. एकच खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर बसणाऱ्या एकटीकडून चार कोटी लोकांचे प्रतिनिधित्व मागायचे, हा खेळ खुर्च्या मांडणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

एका बाबतीत मात्र मी सूट द्यायला तयार नाही. त्या पत्रातले मलम विकणारीही एक कृष्णवर्णीय गायिकाच होती. आपल्याच माणसांच्या न्यूनगंडावर पैसे कमावले, की देणे लागतेच. ते वागणुकीचे किंवा केसांचे नव्हे, सरळ पैशाच्या व्यवहारातले देणे आहे. इथे मला आमचे घर आठवले. स्थळांना पाठवायचा फोटो काढताना माझ्या तोंडावर इतकी पावडर थापली होती, की हनुवटीखाली रंगाची स्पष्ट रेघ दिसत होती. आणि त्याच काळात टीव्हीवर आमच्या आवडत्या नट्या आठवड्यांच्या हिशेबात गोरेपण विकत होत्या. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनाचे पडसाद इथे उमटले आणि १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ला ‘ग्लो अँड लव्हली’ म्हणू लागले. ट्यूब आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. काही नट्यांनी पुढे पश्चात्ताप व्यक्त केला, काहींनी अळीमिळी गुपचिळी धरली. गॅबीकडे कोणी हिशेब मागू नये असे मला वाटते, परंतु या बायांकडे तो मागताना मला जराही संकोच वाटत नाही.