बूट मेनू परत आला : इंदिरानगर, नाशिक, पावसाळी शनिवार-रविवार

शनिवार, दुपार. घरच्या पीसीवर एकाच एसएसडीत विंडोज आणि डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). निफाडच्या कृषी सेवा केंद्राचे हिशेब दादा टॅलीत ठेवतो, म्हणून विंडोज लागतंच. ते फारच मंदावलं होतं, नव्याने टाकलं. टाकताना जुनं विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) उडवलं आणि शेजारचं १०० एमबीचंही, तेही विंडोजचंच समजून. तीच ईएसपी होती, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या फायलींचं पार्टिशन; विंडोज की डेबियन हा मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या फायलीही त्यातच. विंडोजने नवी ईएसपी बनवली, पण पीसी आता थेट विंडोजमध्ये जातो.

विंडोज टाकल्यावर बहुतेक वेळा नुसता बूटचा क्रम बदलतो. तेव्हा बायोसमध्ये जाऊन डेबियन वर आणलं की झालं, काही टाकावं लागत नाही. आधी तेच बघा. माझ्याकडे वर आणायला फाईलच उरली नव्हती.

संध्याकाळ. डेबियनच्या लाइव्ह (डिस्कवर न टाकता चालणाऱ्या) पेनड्राइव्हने सुरू केलं. बूटच्या यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, मी 'यूईएफआय' (बूटची नवी पद्धत) न लिहिलेला निवडला आणि ग्रब परत टाकणारी ग्रब-इन्स्टॉल ही कमांड अडली. सिस-फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर नसेल, तर तुम्ही जुन्या पद्धतीने बूट झालेले असता. परत सुरू केलं. डेबियनचं रूट (मुख्य) पार्टिशन माउंट केलं, म्हणजे जोडलं, त्यात बूट-ईएफआयवर नवी ईएसपी, मग चालू सिस्टिमची डेव्ह, प्रॉक, सिस, रन ही फोल्डरं. सिसला साधं बाइंड (फोल्डर दुसरीकडे जोडणं) पुरत नाही, आतल्या जोडण्यांसकट आर-बाइंड करा, नाहीतर ईएफआयची व्हेरिएबल्स आत येत नाहीत. सीएचरूट करून डिस्कवरच्या डेबियनमध्ये शिरलो, मग ग्रब-इन्स्टॉल आणि मेनू नव्याने बनवणारं अपडेट-ग्रब. एरर नाही.

मेनू आला, पण त्यात विंडोज नाही! ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ते पुढे बघू म्हणून डेबियन निवडलं, तर ते दीड मिनिट कुठल्याशा डिस्कची वाट बघत राहिलं आणि इमर्जन्सी मोडमध्ये (नुसत्या दुरुस्तीपुरत्या काळ्या पडद्यावर) जाऊन थांबलं. तेवढ्यात लाईट गेली. बाहेर धो धो पाऊस, खालच्या मजल्यावर गोदावरीची चर्चा, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं याची. दादाचा फोन : "दुकानाचा बॅकअप आहे ना रे?" होता.

रविवार, सकाळ. रात्रभर डोक्यात तेच होतं, उठल्या उठल्या उलगडलं. नवी ईएसपी म्हणजे नवा यूयूआयडी, पार्टिशनचा ओळख क्रमांक. सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाईलमध्ये अजून जुनाच, म्हणून डेबियन नसलेल्या पार्टिशनची वाट बघत होतं. इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड देऊन यूयूआयडी दाखवणारं बीएलकेआयडी चालवलं, ईएसपीच्या फॅट फॉरमॅटचा तो छोटा आठ अक्षरी यूयूआयडी एफएसटॅबमध्ये टाकला, रीबूट. डेबियन वीस सेकंदांत उभं! ग्रबच्या डिफॉल्ट फाईलमध्ये ओएस-प्रोबर बंद ठेवणारी ओळ 'फॉल्स' केली, पुन्हा अपडेट-ग्रब, आणि 'विंडोज बूट मॅनेजर' सापडल्याची ओळ आली. फार बरं वाटलं.

घड्याळ मात्र विंडोजमधून आल्यावर डेबियनमध्ये साडेपाच तास पुढे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक वेळ) धरतं. डेबियनमध्ये टाइम-डेट-सीटीएल या कमांडने आरटीसी, म्हणजे मदरबोर्डचं घड्याळ, लोकल केलं. ही सोय वेळ पुढे-मागे करणाऱ्या देशांत अडचणीची ठरते, आपल्याकडे चालते.

ईएसपीची नक्कल पेनड्राइव्हवर काढली. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय : कुठलं पार्टिशन काय आणि कुठलं हात लावायचं नाही. दुपारी दादाने मेनूतून स्वतःच विंडोज निवडून टॅली उघडलं.