सव्वीसातून चार वजा

फाइल आली ती सात खोक्यांतून. 1996 सालची घटना, दक्षिण कॅलिफोर्नियातलं एक दारूचं दुकान. एक जण पिस्तूल घेऊन आत गेला, गल्ल्यावर झटापट झाली आणि दुकानदार जागच्या जागी गेला. आमचा अशील बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता, वय 19. (दरोडा म्हणायला आपल्याकडे पाच जण लागतात, म्हणून मी जबरी चोरीच म्हणते.) दोघांनाही फर्स्ट डिग्री मर्डर, म्हणजे सर्वांत गंभीर दर्जाचा खून, लागला, ह्याला 25 वर्षं ते जन्मठेप.

पुण्यात एलएलबी करताना मी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 396 घोकलं होतं : पाच जणांच्या दरोड्यात एकाने खून केला, तर पाचही जणांना फाशीपर्यंत शिक्षा. तेव्हा त्यात मला काही खटकलं नव्हतं. इथला 'फेलनी मर्डर'चा नियम त्याच घराण्यातला : गंभीर गुन्हा करताना कुणाचा जीव गेला, की त्या गुन्ह्यातले सगळेच खुनाचे दोषी. 1 जानेवारी 2019 पासून कॅलिफोर्नियाने सिनेट बिल 1437 आणून त्याची व्याप्ती कमी केली. स्वतः मारलं नसेल आणि मारण्याच्या हेतूने मदतही केली नसेल, तर गुन्ह्यात मोठा वाटा आणि दुसऱ्याच्या जिवाबद्दल बेपर्वाई, ही दोन्ही सरकार पक्षाने सिद्ध करायची. जुन्या कैद्यांनाही अर्ज करता येतो. सुनावणीत ज्युरी नसते, पण पुरावा मात्र निःसंशयच लागतो.

पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, म्हणून माझं काम जुने जबाब वाचायचं. तिसऱ्या खोक्यात एका वाटसरूची साक्ष सापडली : गाडी दुकानासमोर नव्हती, कोपऱ्यापलीकडे लॉन्ड्रीपाशी होती. मूळ खटल्यात त्यावर कुणी दुसरा प्रश्नही विचारला नव्हता, कारण गाडी कुठे होती याने तेव्हा काहीच बदलत नव्हतं. एका शनिवारी मी तिथे जाऊन उभी राहिले. लॉन्ड्री अजून आहे. तिथून दुकानाचं दार दिसत नाही.

सुनावणीला आमचा अशील साक्षीला बसला. पंचेचाळिशीचा, चष्मा नाकावर घसरलेला.

"पिस्तूल आहे हे माहीत होतं?"

"हो. त्याच्या कमरेला दिसलं होतं."

"गोळीचा आवाज ऐकलात?"

"ऐकला. तो पळत आला, त्याला घेऊन निघालो."

आमच्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. पण 2015 च्या बँक्स खटल्यातही प्रश्न गाडी चालवणाऱ्याचाच होता, आणि नुसतं हत्यार माहीत असणं पुरत नाही, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच म्हटलं आहे. न्यायाधीशांनी तेच धरलं. झटापट काही सेकंदांची, हा आत नाही, थांबवण्याची संधी नाही, वय कोवळं. खुनाचा दोष रद्द.

मग उरलेल्या गुन्ह्याची शिक्षा. जबरी चोरीची मधली मुदत तीन वर्षं, साथीदाराकडे हत्यार होतं म्हणून आणखी एक. एकूण चार. भोगून झालेली सव्वीस. क्लार्कने हे आकडे बाजाराची यादी वाचावी तसे वाचले.

शिक्षेआधी दुकानदाराच्या मुलीला बोलायचा हक्क होता, ती बोलली नाही. नंतर कॉरिडॉरमध्ये मला गाठलं. मी कुठल्या बाजूची, हे तिला माहीत होतं.

"हे चार कशाचे?"

"चोरीचे."

"आणि बाबांचे?"

मी म्हटलं, गोळी झाडणाऱ्याची शिक्षा तशीच आहे, तिला आज कुणी हात लावलेला नाही. बोलतानाच मला सातव्या खोक्यातला कागद आठवला, आणि तिलाही तो ठाऊक होता. तो माणूस कधीच तुरुंगात वारला होता.

"म्हणजे बाबांसाठी आता आत कुणीच नाही," ती म्हणाली. रागाने नाही, खात्री करून घ्यावी तशी.

मी "हो" म्हटलं. ती लिफ्टकडे गेली. सुटकेच्या आदेशावर शिक्का हवा होता आणि क्लार्कची खिडकी साडेचारला बंद होते, म्हणून मी जिन्याने खाली धावले.