मुका 'जी' आणि रबराची भेग

रविवार, रात्रीचे साडेअकरा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. विंडसर्फिंगची 4.2, 4.7 आणि 5.3 चौरस मीटरची शिडं गुंडाळून भिंतीला टेकवलीत, बूम (शीड धरायचा दांडा) सोफ्यावर, आणि 400 सेंटिमीटरचा मास्ट, म्हणजे शिडाची काठी, दोन तुकड्यांत दारात आडवा. दुपारपासून दोनदा ठेचकाळलो त्याला.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नारालूला जायचं पक्कं झालं. (इंग्रजीत आधी एक मुका 'जी' आहे, तो कुणी उच्चारत नाही.) पर्थहून कार्नार्व्हन सुमारे 900 किलोमीटर, तिथून आणखी दीडशे, त्यातला शेवटचा निम्मा रस्ता कच्चा. वाटेत ब्लोहोल्सपाशी, जिथे खडकातल्या भोकांतून समुद्राचं पाणी उसळतं, पाटी आहे, 'महालाटा जीव घेतात' अशा अर्थाची. पोचायच्या आधीच दम दिल्यासारखी. आणि ज्या ब्रेकवर (लाट फुटते त्या जागी) उतरायचं त्याचं नाव टूम्बस्टोन्स, म्हणजे थडग्यांचे दगड. आईला फोनवर 'समुद्रावर जातोय' एवढंच सांगितलं.

संध्याकाळी मित्राशी वाजलं. मोबाइलवर लाटांचा अंदाज दाखवत म्हणाला, "दोनच मीटर तर आहे रे!" दोनच मीटर, कबूल. पण पिरियड, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, 16 सेकंदांचा. तेवढ्याच उंचीच्या 8 सेकंदवाल्या लाटेपेक्षा हिच्यात दुप्पट जोर. खोल समुद्रात हिची लांबी 400 मीटर असते, 200 मीटर खोलीपासूनच तिला तळ जाणवायला लागतो, आणि उथळ खडकावर येईतो ती चांगली उंचावलेली असते. त्याला हे सगळं पुस्तकी वाटतं. शेवटी तोड निघाली: पहिल्या दिवशी शीड चढवायचं नाही, किनाऱ्यावर बसून सेट, म्हणजे मोठ्या लाटांचे घोळके, मोजायचे. त्याने तोंड वाकडं केलं, पण मानलं.

तिथला वारा दक्षिणेचा. जमीन तापली की दुपारी चढतो. लाटेवरून किनाऱ्याकडे तोंड केलं तर लाट डावीकडे फुटत जाते, म्हणजे वारा जातो तिकडेच, उत्तरेला. सगळी मजा त्यातच आहे. पण काही मोडलं तर आपणही तिकडेच वाहत जाणार. म्हणून तासभर उपग्रहाच्या चित्रावर फेस नसलेली गडद पट्टी शोधत बसलो, खडकातली फट, म्हणजे बाहेर पडायची वाट, कुठे आहे ते बघायला. लाट कुठे पकडायची हे तिथे गेल्यावर कुणीही सांगेल.

हे खूळ माझ्या डोक्यात उगाच नाही शिरलं. मागे एकदा दुसऱ्याच एका खडकावर मास्टफूटचं (मास्ट बोर्डाला जोडणाऱ्या सांध्याचं) रबर तुटलं. बोर्ड माझ्याआधी किनाऱ्याला लागला. मी शिडाला लोंबकळत, पाय वर घेऊन, कारण खाली कमरेएवढ्या पाण्यात प्रवाळ. चाळीस मिनिटं गेली असतील. टाचेत घुसलेला तुकडा आठवडाभराने निघाला.

नंतर बसवलेलं रबर आत्ता दिव्याखाली धरलं. सरळ असताना गुळगुळीत, अगदी नव्यासारखं. नव्वद अंशांत वाकवलं, आणि ताण बसतो त्या बाजूला केसाएवढी भेग उघडली. नख फिरवलं तर अडकलं. सोडलं की पुन्हा गुळगुळीत. म्हणजे गेले कित्येक महिने मी हे नुसतं पुसून पिशवीत टाकत होतो.

मित्राला फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. वाटलं, पुन्हा पुस्तकी म्हणणार.

आत्ता आलं: "माझंही वाकवून बघितलं. उद्या दोन आण."