उधारीची वही

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो की स्नेहसंमेलन, सहल, मैदानावरची धूळ असं सगळं आठवायला हवं. मला मात्र १९ सप्टेंबर २००८ चा शुक्रवारच आठवत राहतो.

मी नववीत होतो. त्या दिवशी शाळा लवकर सोडली. नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान, मागे वाड्यात घर. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आल्याची बातमी आली आणि आजी म्हणाली, "बसू नका आता, गंगा घरी येतेय." गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिने १९६९ चा पूर पाहिला होता. जुने नाशिककर मारुतीवरून आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांवरून पुराचं माप काढतात, तशीच तीही. वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या किल्लीवरून काका आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, त्याच घाईत बाचाबाची झाली. ते जे तुटलं ते आजतागायत जुळलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळ उरला. तांब्या-पितळेला पुराचं भय नसतं. धुतलं, चिंच लावली की भांडं पुन्हा झळकतं. गेल्या त्या उधारीच्या वह्या. त्यांचा नुसता लगदा झाला होता. तो हातात धरून अण्णा उंबऱ्यावर बसले आणि रडले. त्याआधी अण्णांशी काही बोलायचं तर मी आईमार्फत बोलायचो. त्यांना रडताना पाहिलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

चार दिवसांनी त्यांनी मला कोरी वही आणायला सांगितली. माझं अक्षर चांगलं म्हणून. रात्री मेणबत्तीच्या उजेडात ते आठवून आठवून नावं सांगायचे, "सिन्नरचे, घंगाळ एक, निम्मे बाकी," आणि मी लिहायचो. येणं लिहून झालं आणि मग देणं सुरू झालं. आमच्यावर किती कर्ज आहे, हे मला चौदाव्या वर्षी त्या वहीच्या मागच्या पानांवर कळलं. त्यानंतर मी सहलीचे पैसे मागितले नाहीत. आई किराणा आणण्याआधी मला विचारू लागली. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. धाकटी बहीण ढग दिसले की दप्तर माळ्यावर टाकायची. तिला मी ओरडायचो, अगदी बापासारखा. ते आजही सलतं.

सहामाहीत मी दोन विषयांत नापास झालो. आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी अण्णांना बोलावलं. ते आमच्या बाकावर अंग चोरून बसले होते. बाई रागावल्या नाहीत. "घरी तो कारभारी झालाय, पण माझ्याकडे तो नववीतलाच मुलगा आहे," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर तासभर त्या मला ग्रंथालयात बसवून घ्यायच्या. वही अण्णांनी स्वतःकडे घेतली. त्यांचं अक्षर वाकडंतिकडं, तरी पुढची पानं त्यांनीच लिहिली. बाई, तो तासभर माझा होता. त्या एका तासात मी कोणाचाच कारभारी नसायचो.

२ ऑगस्ट २०१६ ला पुन्हा गंगेला मोठा पूर आला, तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. अण्णांचा फोन आला. "येऊ नकोस. पण फोन ठेवूही नकोस." मग मधेच म्हणाले, "एकोणसत्तरला मी अकरा वर्षांचा होतो. तुझ्या आजोबांना, दादांना, असंच उंबऱ्यावर रडताना पाहिलं होतं. पुढे आम्ही दोघं त्यावर कधी बोललोच नाही." पलीकडे माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. पाणी दुकानाची दुसरी पायरी चढलं होतं.

मी विचारलं, "वह्या वर नेल्या का?"

"तुझ्या अक्षरातली सगळ्यात आधी नेली," अण्णा म्हणाले.