आप्पांची मूठ

आजचा सगळा दिवस जळगावच्या दवाखान्यात गेला. काल चोपड्याच्या मळ्यात केळीचा घड उतरवताना आप्पा बांधावरून घसरले. करंगळीखालचं तळहाताचं हाड मोडलं. "काय व्हयनं आप्पा?" करत अख्खी गल्ली जमली, आणि निम्म्यांना हाडवैद्याचा पत्ता पाठ!

मला वाटलं, हाड मोडलं म्हणजे ऑपरेशनच. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पण जास्त वेळ आप्पांना हळूच मूठ वळायला लावण्यात घालवला. म्हणे, करंगळीचं हे हाड ३०-४० अंश वाकडं जुळलं तरी हात काम देतो, कारण तिथला सांधा बराच हलतो. पण हाडाला पीळ पडून मूठ वळताना बोट शेजारच्या बोटावर चढलं, तर मात्र नाही चालत. मग बारीक तारा घालून किंवा प्लेट-स्क्रूने बसवावं लागतं.

आप्पांचं बोट चढलं नाही. प्लास्टरची पट्टी, तीन-चार आठवडे. मोकळी बोटं मात्र आजपासूनच हलवायची, नाहीतर आखडतात.

परतीच्या एसटीत आप्पा दर पाच मिनिटांनी बोटं हलवून दाखवत होते. मधेच विचारलं, "राहिलेले घड कोण उतरवणार?"